विहारातले हरवलेले आवाज

१

कपाट उघडून भय्याजी मेश्रामांनी आत हात घातला आणि तो तिथेच थबकला. काळा पाउच जागेवर होता, पण बोटांखाली तो चपटा झाला. आत डिस्क नव्हती.

"पियूष," मागे न वळता ते म्हणाले, "याच्यातच होती ना रे?"

पियूष खोब्रागडे शेजारी सर्व्हरपुढे उकिडवा बसला होता. त्याच्यापुढचं संकट वेगळंच होतं. रविवारी त्यानं स्वतः त्या मशीनवर नवं लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारी प्रणाली, बसवलं होतं. दोन दिवस ते कुरकुर न करता चाललं आणि आता काळ्या पडद्यावर एकच ओळ झळकत होती : सुरू होण्याजोगी डिस्क सापडत नाही.

"हो, त्याच्यातच," तो म्हणाला. मग भय्याजींच्या हातातला रिकामा पाउच त्यानं पाहिला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

छत्तीसगडमधल्या भिलाईच्या कॅम्प भागातल्या बुद्धविहारामागे वाचनालयाची ही खोली आहे. तिथल्या त्या जुनाट सर्व्हरवर माणसांचे आवाज ठेवलेले होते. भय्याजी रेल्वेत गार्ड होते. ड्यूटी संपली की टेपरेकॉर्डर घेऊन ते घरोघर जात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडून पोलाद कारखाना उभारायला आलेली पहिली पिढी त्यांनी बोलती केली होती. पुढे कॅसेटींना बुरशी लागली, पण तोवर सगळं या मशीनवर चढवून झालं होतं. जगात कुठेही बसून लोक ते वेबसाइटवर ऐकत. बोलणाऱ्यांपैकी आता बहुतेक जण राहिले नव्हते.

मशीनवरचं जुनं लिनक्स कालबाह्य झालं होतं. त्याला सुरक्षेचे अपडेट मिळत नव्हते आणि एकदा तर आवाजांच्या पानावर कुणी सट्ट्याच्या जाहिराती घुसवल्या होत्या. म्हणून नवं लिनक्स घालायचं ठरलं. आधी सगळ्याची एक नक्कल बाहेरच्या डिस्कवर काढायची, मग मशीन पुसून नवं बसवायचं, मग नक्कल परत चढवायची, असा बेत होता. आता मशीन पुसलेलं होतं आणि नक्कल गायब होती.

भय्याजी खुर्चीत बसले. त्यांनी फोन काढला आणि ललिता सुखदेवेंचा नंबर लावला.

"ललिताबाई, लवकर या," ते म्हणाले. "माणसं दुसऱ्यांदा मेली आमची."

२

ललिताबाई कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त होऊन बोरसीला राहत होत्या. हा सर्व्हर काही वर्षांपूर्वी त्यांनीच उभा केला होता. गेल्या वर्षी वाचनालयाच्या समितीनं फार गोड शब्दांत सांगितलं होतं, की आता नव्या पोरांना करू द्या. लिनक्सच्या अनेक प्रकारांतलं कुठलं घ्यायचं हे ठरवायच्या बैठकीत त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "जुन्या मशीनवर आधी नुसतं चालवून पाहा, मग बसवा." चर्चा पुढे निघून गेली होती.

ऑटोत बसल्यावर त्यांना जाणवलं, की फोन ठेवल्या क्षणी मनात कुठेतरी 'बरं झालं' उमटून गेलं होतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पियूषवर ठपका ठेवणं आपल्याला आवडेल, हे त्यांनी ओळखलं आणि त्याचा विचार सर्वांत शेवटी करायचा असं ठरवलं.

खोलीत शिरल्यावर त्यांनी आधी कपाटाचं कुलूप पाहिलं. त्यावर ओरखडाही नव्हता. मग पाउच हातात घेऊन उलटसुलट केला. मग गुडघा कुरकुरत असतानाही मशीनपुढे वाकल्या. समोरच्या जाळीतून दोन बारीक हिरवे दिवे शांतपणे जळत होते.

"हे दिवे असेच असतात?"

"नेहमीच," भय्याजी म्हणाले. "ते सोडा ना बाई. चोर पाहा."

"चोरानं पाउच कावून सोडला, भय्याजी?"

"म्हणजे?"

"कपाटातून डिस्क चोरणारा माणूस पाउचसकट उचलल. घाईत उघडून, डिस्क काढून, पाउच पुन्हा जागच्या जागी कोण ठेवते? रविवारी तुमी कुलूप लावलं तवा आत काय पाह्यलं?"

भय्याजी विचारात पडले. "पाउच पाह्यला. दिपालीनं ठेवला अन् मी कुलूप लावलं. उघडून कोण पाहते?"

दिपाली रंगारी दुपारपासून संध्याकाळपर्यंत वाचनालय सांभाळायची. चावी मात्र भय्याजींच्या घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असे आणि ते जुडगं त्यांच्या खिशातून हलत नसे.

"तुमचा संशय कोणावर?"

भय्याजींनी आवाज खाली आणला. "बोलू नये, पण करिष्मा. ती पह्यल्यापासून म्हणून राहिली, सारं क्लाऊडवर टाका. मी म्हटलं, आपल्या लोकायचे आवाज दुसऱ्याच्या घरी कावून ठेवायचे? मोठं भांडण झालं. माझ्या तोंडावर म्हणाली, एक दिन ये मशीन मरेगी, तब समझोगे."

दुर्गच्या कॉलेजात शिकवणारी करिष्मा वासनिक तेवढ्यात आलीच. तिनं शेवटचं वाक्य ऐकलं होतं.

"हां, बोली थी मैं," ती दारातूनच म्हणाली. डोळे लाल होते. "पण मी चोरी करीन, आंटी? कॅसेटवरून हे आवाज कोणी उतरवले? मी. कोणता माणूस कुठे खोकलला तेही मले पाठ आहे. माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये कॉपी होती, वो तो कब का मर गया. आता माझ्याजवळ काहीच नाही."

ललिताबाईंनी तिला पाणी दिलं. "साइट शेवटची कधी पाह्यली?"

"मंगलवारी. 'काम सुरू आहे' असं पान होतं ना पियूषचं, ते मी क्लासमध्ये दाखवलं. बुधवारी सकाळी पाह्यलं तर उघडलंच नाही."

"म्हणजे मशीन मंगळवारी संध्याकाळी नाही तर रात्री गेलं."

"हो. आणि मंगळवारी संध्याकाळी इथे दिपालीशिवाय कोणी नसते," करिष्मा म्हणाली आणि लगेच जीभ चावली. "नाही, ती कशाला करल? तिले तर मशीनले हात लावायची भीती वाटते."

पियूष बाहेर पायऱ्यांवर बसला होता. जामुलकडच्या एका कारखान्यातले सर्व्हर तो सांभाळायचा. आज सुट्टी टाकून नक्कल परत चढवायला आला होता. ललिताबाई त्याच्याशेजारी टेकल्या.

"रविवारी काय काय झालं? सरळ सांग. मी बोलणार नाही."

"सकाळी बॅकअप घेतला, मॅडम. दोन-तीन फायली वाजवून पाह्यल्या, बरोबर होत्या. दिपालीवहिनीले सांगतलं, ही डिस्क काढून कपाटात ठेवा, आणि मी जेवायला गेलो. परत आलो तर पाउच कपाटात होता. मग नवीन सिस्टीम टाकली. आमच्या कारखान्यात आहे तेच. जुनं होतं त्याच घराण्यातलं, एकदम लेटेस्ट."

"बसवताना काही अडलं?"

"काहीच नाही. नवीन सिस्टीम होती तो पेन ड्राइव्ह सुरू होत नव्हता, म्हणून मशीनची सुरू व्हायची पद्धत जुन्यावरून नव्यावर केली. त्याच्यानंतर मक्खन."

"डिस्का किती दिसल्या?"

"एकच. एक टीबीची."

"आत तं दोन आहेत. अर्ध्या-अर्ध्या टीबीच्या."

"हो ना. मले वाटलं, डिस्का जोडलेल्या कार्डनं दोन्ही मिळून एक करून दाखवली."

त्या दोन डिस्का ललिताबाईंनीच जोडल्या होत्या. त्या एकमेकींत मिसळत नव्हत्या. एकीवर जे लिहिलं जाई तेच दुसरीवर लिहिलं जाई, एक बिघडली तर दुसरी शाबूत राहावी म्हणून. मनात काहीतरी टोचलं. पण गल्लीच्या कोपऱ्यावर आलेला माणूस कोण ते ओळखू येऊ नये तसं झालं.

"आता जे झालं ते झालं," पियूष उठत म्हणाला. "मशीन तर उभं करतोच. ह्या वेळी करिष्माच्या लॅपटॉपवर आहे ते उबुंटू टाकतो, पेन ड्राइव्ह बनवायला लावला आहे. पहिलेपासून सब साफ करून टाकतो."

"दिपाली कुठे आहे?" ललिताबाईंनी विचारलं.

"कालपासून आलीच नाही. आजी बिमार आहे म्हणे."

३

कुरुदला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. एकेकाळी शेतं होती तिथे आता दुमजली घरं उठत होती आणि मधल्या गल्लीत गिट्टीचे ढीग पडले होते. दिपालीच्या घराच्या ओसरीत ताराबाई रंगारी खाटेवर ताठ बसल्या होत्या. नव्वदीला टेकलेल्या ताराबाईंची नजर कधीच गेली होती. पावलांच्या आवाजानं त्यांनी मान वळवली.

"जय भीम, आजी. मी ललिता. तब्येत कशी आहे?"

"जय भीम. मले काय झालं? मी बिमार नाही. बिमार ती आहे." त्यांनी आतल्या बाजूला बोट केलं. "दोन दिवस झाले, जेवून नाही राहिली."

ताराबाईंना सगळा विहार ओळखत होता. दर आठवड्याला नातसून दिपाली त्यांना स्कूटीवर बसवून वाचनालयात आणायची, कानाला हेडफोन लावून द्यायची, आणि ताराबाई आपल्या गेलेल्या नवऱ्याचं, बाबारावांचं बोलणं ऐकत बसायच्या. ऐकताना ओठ हलायचे. आजूबाजूचे लोक आवाज न करता निघून जायचे. एवढी माया कुठे पाहायला मिळते, असं म्हणायचे.

दिपाली स्वयंपाकघरात गॅसपाशी उभी होती. शेगडी बंद होती. ललिताबाईंना पाहताच तिनं काही विचारलं नाही. तांदळाच्या डब्यात हात घालून फडक्यात गुंडाळलेली डिस्क काढली आणि ओट्यावर ठेवली.

"मीच नेली, काकू," ती म्हणाली आणि खालीच बसली.

ललिताबाईही तिच्यासमोर फरशीवर बसल्या. गुडघा ठणकला. त्यांनी तिचा हात धरून ठेवला आणि रडू ओसरायची वाट पाहिली.

"साइट बंद झाली अन् आजी नुसती घुसमटून राहिली होती," दिपाली सांगू लागली. "कधी चालू होईल, कधी चालू होईल. मंगळवारी ताटावरून उठली. मले माहीत होतं डिस्क कुठे आहे ते. म्हटलं, एक रात्र घरी आणतो, आजीले ऐकवतो, सकाळी परत."

"कुठे होती डिस्क? कपाट तं बंद होतं."

"कपाटात नव्हतीच ना ती. रविवारी पियूषभैया म्हणाले, काढून ठेवा. मी पाह्यलं तर तार मशीनच्या मागे लागून होती, लाइट चमकून राहिला होता. मले भेव वाटलं. चालू असताना खेचली अन् काही झालं तर? म्हटलं, भैया येऊन काढतील. मी नुसता पाउच ठेवला. ते आले, त्यांनी काही विचारलं नाही. मी सांगायची राहून गेली."

"मग मंगळवारपर्यंत ती मागे लागलेलीच होती?"

"हो. मंगळवारी हिंमत केली अन् खेचली." दिपालीनं डोळे पुसले. "घरी लॅपटॉपले लावली. तर तो म्हणे, ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करा. मले वाटलं, हो म्हटल्यावर उघडते. मी हो म्हटलं, काकू. अन् मग सारं रिकामं." तिचा आवाज पुन्हा फुटला. "साऱ्या लोकायचे आवाज मीच पुसले. आता विहारात कोणत्या तोंडानं येऊ?"

बाहेरून ताराबाईंनी हाक मारली. "काय रडून राहिली वो?"

दिपालीचं रडणं ऐकू येत होतं, पण ललिताबाईंचं मन दुसरीकडेच धावत होतं.

"दिपाली, ही डिस्क याच्या आधी तुझ्या लॅपटॉपवर लावली होती कधी?"

"हो. दिवाळीच्या वेळी भय्याजींनी कार्यक्रमाचे फोटो त्यातून दिले होते. तवा तर झटकन उघडली."

"फॉरमॅट मागतलं नाही?"

"नाही."

"अन् डिस्क केवढी आहे?"

दिपालीनं फडकं सोडलं. वरच्या चिकटपट्टीवर छापलेलं होतं. एक टीबी.

ललिताबाई एवढ्या झटक्यात उठल्या की गुडघ्याचं त्यांना आठवलंच नाही. फोन काढून पियूषला लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. भय्याजींना लावला, तर त्यांचा फोन विहारात चार्जिंगला असावा, कुणी उचलला नाही.

"स्कूटी काढ," त्या म्हणाल्या.

"काय झालं, काकू?"

"तू काहीच पुसलं नाही. पण पियूष आता पुसणार आहे."

४

वाचनालयाच्या दारात स्कूटी नीट थांबायच्या आत ललिताबाई उतरल्या. खोलीत पियूष मशीनपुढे होता. मागे करिष्मा आणि भय्याजी उभे होते. पडद्यावर एक चौकट उघडलेली होती : या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं?

"हात काढ तिथून!"

पियूषनं दचकून हात मागे घेतला. त्या आवाजात त्यांना कुणी बोलताना ऐकलं नव्हतं.

"मॅडम, मी तर फक्त—"

"डिस्क केवढी दाखवून राहिली?"

त्यानं पडद्याकडे पाहिलं. "अर्ध्या टीबीची. अजीब बात है, रविवारी तर एक टीबी..." तो थांबला. मग ललिताबाईंच्या मागे उभ्या असलेल्या दिपालीच्या हातातली डिस्क त्याला दिसली. तो उठून उभा राहिला.

"बसा सगळे," ललिताबाई म्हणाल्या. "कोणी चोर नाही. आधी ऐकून घ्या."

त्या स्वतः बसल्या नाहीत. मशीनवर हात ठेवून बोलू लागल्या.

"मले तीन गोष्टी जुळत नव्हत्या. पह्यली, रिकामा पाउच. त्याचा अर्थ एवढाच, की डिस्क कपाटात गेलीच नाही. रविवारी ती मशीनच्या मागेच लागून राहिली अन् पियूषले वाटलं, आत ठेवली. दुसरी गोष्ट, मशीन मंगळवारी संध्याकाळी मेलं. त्याच संध्याकाळी दिपालीनं आजीसाठी डिस्क काढून नेली. आता मले सांगा, बाजूची बॅकअपची डिस्क काढली तर सर्व्हर कावून मरल?"

पियूषचा चेहरा हळूहळू बदलू लागला होता.

"तवाच मरल, जवा तो त्याच डिस्कवर जगून राहिला असल."

"एक टीबी," पियूष पुटपुटला.

"हो. आतल्या डिस्का ज्या कार्डावर टांगल्या आहेत ते कार्ड फार जुनं आहे. तू आणलेल्या लेटेस्ट लिनक्सनं तेवढ्या जुन्या कार्डाची ओळख ठेवणं सोडून दिलं आहे. नव्या मशीनवर त्याचं काही अडत नाही, म्हणून तुमच्या कारखान्यात ते मक्खन चालते. इथे त्याले आतल्या डिस्का दिसल्याच नाहीत. एकच दिसली, मागे लटकून राहिलेली. ती तू निवडली. या उबुंटूले जुनं कार्ड समजते, म्हणून आज आतली डिस्क दिसून राहिली. तिसरी गोष्ट दिपालीच्या घरी समजली. दिवाळीत जी डिस्क तिच्या लॅपटॉपवर झटकन उघडली, ती मंगळवारी फॉरमॅट मागू लागली. म्हणजे मधल्या काळात तिच्यावर लॅपटॉपले वाचता न येणारं काहीतरी चढलं होतं."

"म्हणजे बॅकअप..." करिष्मा म्हणाली.

"बॅकअप मीच पुसला," पियूष म्हणाला. "रविवारी. स्वतःच्या हातानं."

दिपाली भिंतीला टेकून उभी होती. "मग मी काय पुसलं?"

"त्याचं रिकामं लिनक्स," ललिताबाई म्हणाल्या. "त्याच्यात एक पान होतं, 'काम सुरू आहे' म्हणून. तेवढंच."

दिपालीनं तोंडावर पदर घेतला. ती हसत होती की रडत होती, कुणाला कळलं नाही.

भय्याजी मात्र खुर्चीच्या कडेला सरकले होते. "अन् आमचे लोक? ते कुठे आहेत, बाई?"

"ते कुठेच गेले नाहीत, भय्याजी. जुन्या डिस्कांना कोणी हातच लावला नाही. त्यांचे हिरवे दिवे दिवसभर तुमच्यासमोर जळून राहिले."

"मग मशीन त्यांच्यावरून सुरू का नाही झालं?" पियूषनं विचारलं आणि उत्तर त्याचं त्यालाच सापडलं. "सुरू व्हायची पद्धत. मी नव्यावर टाकली होती. जुनी सिस्टीम त्या पद्धतीनं उठणारच नाही."

"बरोबर. पण मी बोलले म्हणून मानू नको. पाहा."

पियूषनं ती चौकट रद्द केली. तेच उबुंटू काही न बसवता नुसतं पेन ड्राइव्हवरून चालवलं. जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली. क्षणभर पडदा कोरा राहिला आणि मग नावांनी भरला. प्रत्येक माणसाच्या नावाची एक फाइल. भय्याजी चष्मा पुसून पडद्याजवळ आले आणि एकेक नाव वाचू लागले, हजेरी घ्यावी तसं. वासुदेव वाचलं, मग जरा थांबले. डोमाजी वाचलं. बाबाराव रंगारी वाचलं तेव्हा त्यांना पुढचं दिसेना.

पियूष ललिताबाईंकडे वळला. "मॅडम, आणखी एक बटण दाबलं असतं तर..."

"तर मी शोधून काढलं असतं अन् उपयोग झाला नसता." त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सकाळी मनात उमटलेलं ते 'बरं झालं' आता कुठेही नव्हतं. समोर त्यांना बत्तीस-तेहतीस वर्षांचा थकलेला माणूस तेवढा दिसत होता. "आता आधी काय करायचं?"

"दोन कॉपी. दोन वेगळ्या डिस्कवर. आणि वाजवून पाहायच्या."

"तीन," भय्याजी म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते करिष्माकडे न पाहता बोलले, "एक तुझ्या त्या क्लाऊडवर टाक. दुसऱ्याच्या घरी तर दुसऱ्याच्या घरी. जिवंत तर राहतील."

५

पुढचे काही दिवस पियूष जामुलहून सुटला की सरळ वाचनालयात येई. या वेळी त्यानं घाई केली नाही. तीन-चार लिनक्स पेन ड्राइव्हवर घेऊन आला आणि प्रत्येक आधी न बसवता चालवून पाहिलं. कोणाला जुनं कार्ड दिसतं, कोणाला नेटवर्क सापडतं, कोण एवढ्याशा मेमरीत दमत नाही. ललिताबाई शेजारी बसून असत, पण मत विचारल्याशिवाय देत नसत.

शेवटी त्यानं डेबियन निवडलं. "ह्याले दोन्ही डिस्का दिसतात," तो समितीला म्हणाला. "जुनं हार्डवेअर लवकर टाकून देत नाही. उगाच सजावट नाही, सर्व्हरपुरतं टाकता येते. आणि अपडेट बरेच वर्ष मिळत राहतील. कारखान्यातलं चांगलंच आहे, पण ते ह्या मशीनचं नाही." बसवायच्या दिवशी त्यानं मशीनच्या मागची एकूण एक तार स्वतः तपासली. दिपालीलाही तपासायला लावली.

रविवारी साइट पुन्हा सुरू झाली. विहारात वंदना झाल्यावर लोक वाचनालयात दाटीवाटीनं जमले. पहिला आवाज कोणाचा लावायचा यावर वाद झालाच नाही. दिपालीनं ताराबाईंना पुढच्या खुर्चीवर बसवलं. आज सगळ्यांना ऐकू जावं म्हणून हेडफोनऐवजी स्पीकर होता.

बाबारावांचा जाड, खर्जातला आवाज खोलीभर पसरला. गावाहून निघालेल्या गाडीत किती गर्दी होती, उतरल्यावर इथे नुसती मोकळी जमीन कशी होती, मुकादमानं पहिल्याच दिवशी कसं कामाला लावलं. लोक माना डोलावत होते. ताराबाईंचे ओठ नेहमीसारखे हलत होते. मग बाबाराव म्हणाले, "राहाले जागा नव्हती. मग मी एकट्यानं झोपडी उभी केली."

"खोटं," ताराबाई म्हणाल्या.

त्या मोठ्यानं बोलल्या होत्या. करिष्मानं गोंधळून आवाज थांबवला.

"काय म्हणालात, आजी?"

"खोटं बोलून राहिला तो. झोपडी मी बांधली. तो तं तवा राजनांदगावले होता, दुसऱ्या ठेकेदाराच्या कामावर. दर आठवड्याले मी येतो अन् त्याले इथेच सांगतो, तू खोटं बोलून राहिला. तो काही आइकत नाही. मेल्यावरही तसाच आहे."

मागे कुणीतरी हसलं, आणि ते हसू लगेच विरलं. ललिताबाई ताराबाईंच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहत राहिल्या. पाउच, डिस्क, दिवे, सगळ्यांचा अर्थ त्यांनी लावला होता. पण एक म्हातारी या आवाजासाठी ताटावरून का उठते, हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. उत्तर माहीतच आहे असं सगळ्यांसारखं त्यांनाही वाटलं होतं. आणि मग त्यांना पडद्यावरची नावं आठवली. वासुदेव, डोमाजी, बाबाराव. पडद्यावर खालपर्यंत उतरलेल्या त्या हजेरीत एकही बाई नव्हती.

भय्याजींच्याही ते लक्षात आलं असावं. ते चाचरत म्हणाले, "ताराबाई, मी टेप घेऊन तुमच्या घरी आलो होतो. तुमी घरातच होत्या."

"होती ना. तुमी मले चहा मागतला."

भय्याजींनी मान खाली घातली. मग करिष्मा उठली, माइक घेऊन ताराबाईंसमोर जमिनीवर बसली, आणि त्यांचा हात धरून तो माइकला लावला, माइक कुठे आहे ते कळावं म्हणून.

"बोला, आजी."

"आता? इतक्या लोकायसमोर?"

"आताच."

ताराबाईंनी पदर सारखा केला. घसा खाकरला.

"मी तारा," त्या म्हणाल्या. "झोपडीच्या खांबाची पह्यली बल्ली मी गाडली. खाली सारा मुरूम होता, लोखंडी सब्बल मारली की उसळून हातावर ये. पोर पाठीले बांधलं होतं. बल्ली काही उभी राहे ना. तवा बाजूच्या झोपडीतली एक छत्तीसगडी बाई आली. तिची बोली मले समजे ना, माझी तिले समजे ना. तिनं काही विचारलं नाही. बल्लीले दोन्ही हातानं धरलं अन् मले म्हणाली, मार."